कारीट नाही मिळालं तर का फाव: हनोईत इंग्रजी शिकवताना सण कसे करायचे

३१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे हनोईतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी मी कारिटाऐवजी ‘का फाव’ नावाचं लिंबाएवढं पांढरं वांगं डाव्या पायाखाली चिरडलं आणि ‘गोविंदा’ म्हणाले. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला टोकदार काळी टोपी घालून, नाकाला हिरवा रंग लावून मी अठरा पोरांपुढे चेटकीण झाले. नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच तारखेला आले होते. सकाळी असुराचा वध, संध्याकाळी भुतांची सरबराई.

ऑगस्ट २०२२ पासून २०२५ च्या तेतपर्यंत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षापर्यंत, मी तिथल्या एका खासगी सेंटरमध्ये सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. आता नव्या पेठेत आईकडे असते. पुण्यात एकशेवीस तासांचा टीसॉल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करून बाहेर पडणाऱ्या पोरीपोरं कुठून कुठून नंबर मिळवून फोन करतात. पगार, वर्क परमिट सगळं विचारून झालं, की फोन ठेवता ठेवता हळूच येतं, “ताई, आणि गणपतीत, दिवाळीत काय करायचं?” प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

रजा आधी मागा, तारखा लिहून

सेंटरचे वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात, कारण मुलं दिवसा शाळेत असतात. म्हणजे आपल्या आरतीची आणि लक्ष्मीपूजनाची वेळ नेमकी तुमच्या शिकवण्याची वेळ. २०२३ चं लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला होतं. त्या दिवशी सकाळी आठपासून रात्री साडेआठपर्यंत माझे सहा वर्ग होते. ऑक्टोबरअखेर रजा मागितली, तर मॅनेजरबाई हसल्या. चूक माझीच होती. पुढच्या वर्षी करार नवा करतानाच कालनिर्णयातून तारखा काढल्या, एका कागदावर तीनच दिवस लिहून दिले आणि खाली लिहिलं, की २४ आणि २५ डिसेंबरला पूर्ण वेळ काम करीन. व्हिएतनाममध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी नसते, पण प्रत्येक सेंटरला त्या दोन दिवशी कार्यक्रम हवा असतो आणि नेमके तेव्हाच बाकीचे परदेशी शिक्षक घरी पळतात. हा सौदा दोघांनाही परवडतो. मला गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज मिळाली. बदल्यात कापसाची दाढी लावून दोन दिवस सांताक्लॉज झाले. सावळा, पाच फूट एक इंचाचा सांता. पोरांना काही फरक पडला नाही. एकीने फक्त विचारलं, “सांता, व्हाय यू हॅव इअररिंग?”

नाताळचं माझं सगळं ज्ञान म्हणजे डिसेंबरात कॅम्पात एम. जी. रोडवर लायटिंग बघायचं आणि केक घेऊन घरी यायचं. तेवढं पुरतं. सजावटीचं सामान हनोईच्या जुन्या भागात हांग मा नावाच्या गल्लीत मिळतं. आपली बोहरी आळी आणि तुळशीबाग एकत्र करा आणि मध्ये सतत स्कूटर सोडा, म्हणजे हांग मा. सप्टेंबरात कंदील, ऑक्टोबरात कवट्या, डिसेंबरात सांताच्या टोप्या आणि जानेवारीत लाल पाकिटं, सगळं त्याच दुकानांत. रविवारी संध्याकाळी तिकडे जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

बॅगेत काय, काय नाही

सुकं खोबरं चेक-इन बॅगेत टाकू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात बंदी आहे. कापूर, काडेपेटी, फुलबाज्या यांचा तर विचारही नको. आवाजाचे फटाके व्हिएतनाममध्ये १९९५ पासून बंद आहेत, त्यामुळे ते तिथे जाऊनही घेता येत नाहीत. पहिल्या दिवाळीला मला तो शांतपणा खायला उठला, दुसऱ्या दिवाळीला आवडायला लागला.

पांढरी रांगोळी नेऊ नका. मी अर्धा किलो नेली होती, पारदर्शक पिशवीत, वर लेबल नाही. एका विमानतळावर वीस मिनिटं उभी होते. “धिस इज फॉर ड्रॉइंग ऑन फ्लोअर” हे वाक्य मी ज्या गंभीरपणे म्हटलं, त्यावर समोरच्या माणसाचा काडीचा विश्वास बसला नाही. शेवटी त्याच्या टेबलावर चिमटीने चार ठिपके काढून जोडून दाखवले, तेव्हा सुटले. पिशवी तिथेच राहिली. तांदळाचं पीठ तिथे गल्लोगल्ली मिळतं, त्याचीच काढा.

न्यायचं ते असं: चकलीची भाजणी एक किलो, उटणं, एक मोती साबण, हळदकुंकू, दोन-चार सुपाऱ्या, कापसाची वस्त्रं, फुलवाती आणि मोदकाचा साचा. हाताने कळ्या येत असतील तरी साचा घ्या. थकून आल्यावर कोणाला कळ्या पाडायच्या असतात! बाकरवडीचं पाकीट घेतलंत, तर एक सहकाऱ्यांसाठी वेगळं घ्या. मी एकच नेलं होतं आणि ते स्टाफरूममध्ये दोन मिनिटांत संपलं. गणपतीची मूर्ती नेऊ नये असं माझं मत. शाडूची मूर्ती कितीही जपली तरी सोंड तुटते, आणि तुटलेल्या मूर्तीचं काय करायचं यावर आईशी फोनवर अर्धा तास जातो. सुपारीचा गणपती मांडा. दीड दिवस ठेवा. विसर्जन घरातल्या बादलीत करा, तिथल्या तळ्यांत काही सोडायला जाऊ नका.

मोदक आणि दोन पिठं

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळे फसतात. दुकानात तांदळाच्या पिठाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात, दोन्हींत सारखंच पांढरंशुभ्र पीठ. एक ‘बोत ते’, साध्या तांदळाचं. दुसरं ‘बोत नेप’, चिकट तांदळाचं. ३१ ऑगस्ट २०२२ ला, गणेश चतुर्थीला, मी बोत नेपची उकड काढली. मळताना फारच मऊसूत लागली, तेव्हाच शंका यायला हवी होती. अकरा मोदक वाफवायला ठेवले. दहा मिनिटांनी झाकण काढलं, तर मोदक नाहीतच. चाळणीभर एक चकचकीत पांढरा थर होता आणि त्यातून मध्येमध्ये सारणाचे तपकिरी डाग वर आले होते. आईला व्हिडिओवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “नैवेद्य दाखव. त्याला कळतं.”

उत्तर पुढच्या एप्रिलमध्ये मिळालं. आमच्या सेंटरमध्ये साफसफाई करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे ‘बाक’ म्हणत, म्हणजे आईवडिलांहून मोठ्या माणसाला म्हणतात तसं. २२ एप्रिल २०२३ ला त्यांनी डब्यातून ‘बान्ह चोय’ आणले. तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या, आत उसाच्या गुळासारख्या साखरेचा चौकोनी खडा, उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की काढायच्या, वरून तीळ. त्यांच्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला हे करतात. कालनिर्णय बघितलं, तर त्या दिवशी आपली अक्षय्य तृतीया. पहिला घास घेतला आणि मी तिथे फळ्यासमोर उभी राहूनच मोदक खात होते. मोबाइलवर भाषांतर करत करत बाकना विचारलं. त्यांनी मला घेऊन थेट कोपऱ्यावरचं दुकान गाठलं, दोन्ही पिशव्या हातात दिल्या आणि एकीवर बोट ठेवून जोरात मान हलवली. नाही. मग दुसरीवर बोट ठेवून, हो.

माझं आता ठरलेलं प्रमाण: एक वाटी बोत ते, त्यात दोन चमचे बोत नेप. पाणी पिठाएवढंच, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. आंबेमोहोराच्या पिठाची उकड जशी चिरत नाही, तशी ही येते. ओलं खोबरं बाजारात समोर खवून देतात, पुण्याहून स्वस्त आणि ताजं. गुळाला उसाच्या साखरेच्या तपकिरी वड्या मिळतात. २०२३ च्या चतुर्थीला एकवीस मोदक झाले. पाच बाकना दिले. त्यांनी एक फोडून आत बघितलं, खोबरं दिसल्यावर “ओ!” म्हणाल्या आणि उरलेले नातवासाठी रुमालात बांधले.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा. व्हिएतनाममध्ये बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार करतात, त्यामुळे कोणी विचित्र बघत नाही. पण सणाच्या पदार्थांत सावध राहा. तेतच्या ‘बान्ह चुंग’मध्ये मुगाच्या डाळीबरोबर डुकराचं मांस असतं, आणि मूनकेकच्या गोड दिसणाऱ्या सारणात मीठ लावलेल्या अंड्याचा बलक निघतो.

वर्गात: स्लाइड नकोत, कात्री हवी

पहिल्या दिवाळीला मी बत्तीस स्लाइड केल्या होत्या. राम, अयोध्या, लक्ष्मी, वसुबारस, सगळं. सातव्या स्लाइडला मागच्या बाकावरचा एक झोपला, नवव्याला दुसऱ्याने विचारलं, “टीचर, गेम?” आठ वर्षांच्या मुलाला तुमच्या संस्कृतीबद्दल माहिती नको असते. त्याला हाताला काहीतरी काम हवं असतं. आणि तुम्हाला त्याच्या तोंडून इंग्रजी वाक्य हवं असतं. दोन्ही आकाशकंदिलात जमतं.

२०२३ मध्ये असं केलं. रंगीत कार्डशीटचे ए-फोरचे तुकडे, प्रत्येकाला एक. लांबीच्या बाजूने अर्धी घडी. घडीच्या बाजूने उघड्या बाजूकडे पट्ट्या कापायच्या, काठाआधी दोन बोटं सोडून. उलगडायचं, नळी करायची, चिकटवायची, खाली क्रेप पेपरच्या झिरमिळ्या. फळ्यावर सहाच शब्द: फोल्ड, कट, ओपन, रोल, ग्लू, हँग. मी काही करायचं नाही, मुलांनी मला हुकूम द्यायचा. “टीचर, फोल्ड द पेपर!” म्हटल्याशिवाय मी हात हलवत नव्हते. अठरा जण एका सुरात बाईंना हुकूम सोडतायत म्हटल्यावर लाजरी पोरंही ओरडायला लागली. एक गोष्ट आधी करून ठेवा: जिथे थांबायचं तिथे पेन्सिलची रेघ मारून द्या. नाहीतर निम्मी मुलं उघड्या बाजूने कापतात आणि हातात गवत येतं. एका मुलीचं तसंच झालं. मी दुसरा कागद काढेपर्यंत तिने ते गवत शेजाऱ्याच्या कंदिलाच्या बुडाला चिकटवलंसुद्धा. “नो राँग, टीचर. टेल.”

मग मी पुण्याहून नेलेली पुठ्ठ्याची चांदणी पिशवीतून काढली, लाल जिलेटिन लावलेली. वर्ग एकदम ओरडला, “देन ओंग साव!” त्यांच्या चुंग थूच्या सणाला, मुलांच्या पौर्णिमेला, बांबूच्या काड्यांचा पाच टोकांचा तारा करून त्यावर रंगीत जिलेटिन लावतात आणि आत मेणबत्ती ठेवून रस्त्यावर मिरवतात. आपल्या चांदणीची सख्खी बहीण. एक चष्मेवाला उभा राहिला आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, “टीचर, धिस इज व्हिएतनाम.” मी म्हटलं, “नो, इंडिया.” पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी ‘अवर्स इज बिगर’, ‘अवर्स इज ओल्डर’ चाललं. तुलनेचा पाठ मी पुढच्या आठवड्यासाठी ठेवला होता, तो तिथेच झाला.

यात एक गोष्ट मागची आहे, ती सांगते. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेऊन सुचवलं होतं, की पालकांनी विचारलं तर इंडिया म्हणायची गरज नाही, ‘फॉरेन’ म्हणा. पालकांना गोरे शिक्षक हवे असतात, हे तिथे उघड गुपित आहे. तुमच्याही कानावर हे येईल. मी वर्षभर ‘फॉरेन’ म्हणत होते. कंदिलाच्या दिवशी अठरा मुलं अठरा कंदील घेऊन घरी गेली आणि अठरा घरांत ‘इंडिया’ पोचलं. पुढच्या रविवारी एक वडील मुलाला सोडायला वरपर्यंत आले. मला वाटलं, आता तक्रार. त्यांनी फोन पुढे केला, त्यावर भाषांतर होतं: झिरमिळ्या कोणत्या कागदाच्या?

वर्गात पणती पेटवू नका. सेलवर चालणाऱ्या पणत्या हांग माला मिळतात. पूजा वर्गात आणू नका, गोष्ट आणा. गणपतीची गोष्ट सांगायची तर हत्तीपासून सुरू करा. इसवी सन ४० च्या सुमारास चिनी सत्तेविरुद्ध उठलेल्या चुंग भगिनी चित्रांत हत्तीवर बसलेल्या असतात, त्यामुळे हनोईच्या मुलाला हत्ती ओळखीचा आहे. शिवाय रंगीत तांदळाच्या पिठाची खेळणी करायची त्यांची जुनी कला आहे, ‘तो हे’ म्हणतात. तसल्या पिठाचा सोंडवाला हत्ती माझ्या वर्गातल्या मुलांनी माझ्यापेक्षा दसपट बरा केला.

त्यांचे सण

भिंतीवर कालनिर्णयाशेजारी तिथलं रोज पान फाडायचं कॅलेंडर लावा, त्यात चांद्रतिथी असते. त्यांचा महिनाही आपल्यासारखा अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, म्हणून तिथ्या एखाद्या दिवसाच्या फरकाने जुळतात. चुंग थू म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आली. अधिक महिना वेगळा पडला की गणित सरकतं. २०२५ ला चुंग थू थेट ६ ऑक्टोबरला, कोजागरीला जाऊन बसली.

२०२४ ची चतुर्थी मात्र ७ सप्टेंबरला, यागी वादळाच्या दिवशी आली. वर्ग रद्द, बाजार आदल्या दिवशीच रिकामा, बाहेर झाडं मोडल्याचे आवाज. सुपारीचा गणपती मी खिडकीपासून लांब, कपाटाशेजारी बसवला. त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी चुंग थूचे कार्यक्रम रद्द झाले किंवा आवरते घेतले गेले. अशा वेळी वर्गात उत्साह दाखवायला जाऊ नका, स्थानिक शिक्षक करतील तेवढंच करा.

२० नोव्हेंबर हा त्यांचा शिक्षकदिन. त्या दिवशी साडी नेसा, आणि मोठी पिशवी न्या, कारण फुलं स्कूटरवर हातात धरून नेता येत नाहीत. मुलं तुम्हाला ‘को’ म्हणतील. को म्हणजे बाई, आणि को म्हणजे आत्यासुद्धा. मला तो शब्द कळला त्या दिवसापासून मी पोरांवर ओरडायला जास्तच मोकळी झाले.

संक्रांत तेतच्या आधी, त्यांच्या खरेदीच्या गडबडीत येते. तिळगूळ करत बसू नका. ‘केओ लाक’ म्हणून शेंगदाणा-तिळाची चिक्की मिळते, तीच वाटा. तेतला दुकानं बंद असतात, चार-पाच दिवसांचा किराणा आधी भरा. मुलांना लाल पाकिटात कोरी नोट द्यायची पद्धत आहे, वीस हजार डाँग पुरे, म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर रुपये. आणि नववर्षाच्या सकाळी बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नका. पहिलं पाऊल कोणाचं पडतं यावर घराचं वर्ष ठरतं असं ते मानतात, आणि ती जबाबदारी आपण कशाला घ्या!

घरचा फोन सकाळी

हनोई पुण्याच्या दीड तास पुढे आहे. पुण्यात साडेसातला आरती सुरू होते, तेव्हा तिथे नऊ वाजलेले असतात आणि वर्ग सुटलेला असतो, म्हणून सगळे तेव्हाच व्हिडिओवर येतात. पहिल्या दिवाळीला मीही आले. सगळ्यांनी हात हलवला, कॉल बंद झाला, आणि पुढची पाच मिनिटं मी काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड बघत बसले. नंतर मी सकाळी करायला लागले. पुण्यात सहाला सगळे अभ्यंगस्नानाला उठलेले, डोक्याला तेल, कोणी धड बोलण्याच्या स्थितीत नाही. तिकडे साडेसात. आई चकली मोडून कॅमेऱ्यासमोर धरते, मी माझी धरते, कोणाची जास्त काटेरी यावर भांडण होतं, आणि मग दिवसभर वर्ग असतात, बसून राहायला वेळच नसतो.

राहिल्या पणत्या. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून बारा घेतल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, पाच फुटल्या. दुसऱ्या खेपेला प्रत्येक पणती एका मोज्यात घातली, एकही फुटली नाही. मोजे लोकरीचेच घ्या. जानेवारीत हनोईत चांगली थंडी पडते, आणि माझ्या फ्लॅटमध्ये हीटर नव्हता.